रॅम्पखालून

लोक गाडी समोरून बघतात,
शोरूममध्ये दार लावून आवाज ऐकतात.
मी पोटाखालून बघते.
आर्वी रोडवर, फाट्याच्या जरा अलीकडे,
पाण्याची एक मोटर, लोखंडी रॅम्प,
हाताखाली उईकेंचा करण.
सहा वर्षांत किती पोटं वाचली, मोजली नाहीत.

आज धोटे भावांच्या दोन्ही गाड्या एकदमच आल्या,
उद्या घरात साक्षगंध.
देवरावांची सेडान चौदा वर्षांची,
चांदी रंग आता ॲल्युमिनियमच्या गंजासारखा.
हेमराजची विजेवरची, बैलाच्या खांद्याइतकी उंच,
पाडव्याला नागपूरहून आणलेली,
सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच.

कडुनिंबाखाली चहा, आणि लगेच सुरुवात.
"माह्या डिक्कीत तुरीचे दोन कट्टे
अन् पोरीचं आख्खं होस्टेल मावते."
"मावते ना. पन ब्रेकर आला का चौघाले उतरा लागते."
"तुही त शंभर किलोमीटर गेली का
मानसासारखी टेकाले जागा पाह्यते."
"अन् तुही पंपावर पैसे पेते, भाऊ. रोज."
"ऊन शेचाळीसवर गेलं का तुहा आकडा कसा घसरते,
पाह्यलं म्या. एसी लावू का घरी पोचू?"
करण हसतो. मी पाइप सोडते.

आधी सेडान वर.
खाली चेंबरच्या पत्र्यावर सात रेघा,
एकाच दिशेच्या, ताज्या, गंज न चढलेल्या.
सात ब्रेकर आहेत गावापासून वर्ध्यापर्यंत,
आणि भरल्या गाडीनं कुणी जपून गेलं असतं
तर एवढं खरवडलं नसतं.
मला माहीत आहे ती रात्र.
हेमराजच्या बायकोला गोवऱ्या काढताना विंचू चावला,
उंच गाडीत नऊ टक्के उरले होते,
वर्ध्याच्या एकुलत्या चार्जरसमोर
कुणाचा तरी ट्रॅक्टर उभा असायचा नेहमी.
देवरावांनी चप्पल न घालता चावी फिरवली.

हेमराज खाली वाकून बघत नाही.
मीही दाखवत नाही.

मग दुसरी.
हिचं पोट म्हणजे पाटी,
सपाट, स्क्रूनं बंद, सायलेन्सर नाही, तेलाचा थेंब नाही.
वाचायला काहीच नाही, म्हणून मला ती जरा परकी वाटते.
पण मागच्या सॉकेटच्या झाकणाला
वायरनं घासल्याची काळी खूण आहे.
तीही गोष्ट गावाला ठाऊक:
डीपी जळाली, तीन दिवस लाइन नाही,
भर वैशाखात
देवरावांची प्रणाली बाळंतपणाला आलेली,
दहा दिवसांचं लेकरू.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आत गेली
आणि गाडीनं कूलर चालवला,
पहाटेपर्यंत, अंगणात, आवाज न करता.

देवराव बिस्किट चहात बुडवतात.
त्यांनी वाद थांबवला नाही, फक्त विषय बदलला:
"आवाज नाई तिले. मागं घेतली त कुत्रंबी उठत नाई.
गाडी आली हे घरच्याले कसं कळाव?"
"फोन करू, भाऊ."
"फोन!" देवराव म्हणाले,
जणू कुणी देवाला मिस्ड कॉल द्यायला सांगितलं.

शेवटी दोघं माझ्याकडे वळले.
"तूच सांग वं मीनाबाई, कोनती चांगली?"
मी हात पुसले.
"सेडान लवकर धुते.
उंच गाडीचे शंभर जास्त,
टपावर हात पोचत नाही, स्टूल लावा लागते."
हेमराजनं दोन्हींचे पैसे दिले,
देवराव आडवे आले, थोडी झटापट झाली,
एक नोट चिखलात पडली, ती करणनं धुऊन वाळत घातली.

निघताना सेडानचा आवाज
नाल्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.
दुसरी गेली की नाही
हे कळायला मला मान वर करावी लागली.