इशारा पातळी

डाव्या डोळ्यात, नाकाकडच्या अंगाला,
तीन दिवस एक कोळी बसलेला.
चष्मा पुसला, जळमटं झाडली,
सुनेला म्हटलं, राजमती, तेवढी भिंत बघ.
मामा, भिंत स्वच्छ हाय की.

राजारामपुरीत डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, तीनदा.
बाहुली मोठी होईस्तोवर बाकावर बसलो,
शेजारी कागलच्या एक बाई
डोळे मिटून भडंग खात होत्या.

मग कपाळाला दिवा बांधून
बाई डोळ्याच्या पार कडेला डोकावल्या.
खाली बघा. कानाकडं बघा. हलू नका.
आधी त्यांना गाठ वाटली.
जेल लावून सोनोग्राफी केली, गप्प बसल्या,
मग म्हणाल्या, गाठ नाही आजोबा, रक्त आहे.
पडद्याच्या काठाला साचलंय. वयानं होतं असं.
मधला भाग कोरडा आहे.

कोरडा.

बावीस पावसाळे हाच शब्द मी
राजाराम बंधाऱ्यावरून फोनवर सांगितला.
टॉर्च मारून पट्टीवरचा आकडा वाचायचा,
एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका.
पलीकडून साहेब विचारायचे, शहरात काय?
शहर कोरडं हाय, साहेब.
आणि सुतारमळ्यात माझ्याच घरात
गुडघाभर पाणी,
आक्काताई दोन शेळ्या अन् शिलाई मशीन घेऊन
शाळेच्या वर्गात.
एकदाच म्हणाली ती,
तुमच्या आकड्यात आपलं घर धरता का हो?
मी जेवत होतो. जेवत राहिलो.

इंजेक्शन? विचारलं मी.
आत्ता नको. कडेचं बऱ्याचदा कडेलाच जिरतं.
मधे सरकायला लागलं तर बघू.
रक्त पातळ करायची गोळी
हार्टवाल्यांना विचारल्याशिवाय सोडू नका.
महिन्यानं या.

आता रोज सकाळी उजव्या डोळ्यावर तळहात,
समोर कॅलेंडर, शेजारी दाराची चौकट,
तिच्याखाली एकोणीसच्या पुरानं ओढलेली तपकिरी रेघ,
दोनदा रंग दिला तरी वर येते.
जुनी वही काढली आहे, चार रकाने:
तारीख, वेळ, कोळी कुठवर, शेरा.
सात तारीख. सहा वाजून दहा. चौकटीपर्यंत. स्थिर.
शेऱ्यात सवयीनं लिहून गेलो, मध्य कोरडा.
खोडलं.
काठाला पाणी आहे,
असं लिहिलं, अन् पेन उघडंच ठेवून
चहा प्यायला उठलो.