सातवा वाफा

कोळंबीची टरफलं येतात बुरुल्लुस सरोवराच्या काठावरून,
दोन पोती, खारट वासाची, वर माश्यांचं मोहोळ.
मी ती दळते, आम्लात बुडवते, धुते, पुन्हा धुते,
आणि उरेल त्याचे इतके बारीक कण करते
की केस उभा चिरून हजार भाग केले
तर त्यातल्या एकाशी त्यांची बरोबरी व्हावी.
कणांच्या पोटात नत्र, स्फुरद, पालाश.
दिसत काहीच नाही.
बाटलीत जरासं गढूळ पाणी.

"एवढंच?" अब्दुल-मोअती म्हणाला,
बाटली उन्हाकडे धरून.

त्याला वजन कळतं.
पन्नास किलो म्हणजे गाढवाच्या पाठीचा बाक,
खांद्यावरचा वळ,
आणि मुठीतून सुटणारा पांढरा फेक,
बापाच्या मुठीवरून मापलेली त्याची मूठ.
रिकाम्या पोत्याचंही काहीतरी होतंच:
ऐन-हयात खुराड्याला पडदे शिवते, दारात पायपुसणं,
गाढवाला झूल.
"ह्या बाटलीचं मी काय शिवू?" तिनं विचारलं.
मी हसले. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मग वहीतलं सांगितलं:
मुठीतून पडतं त्यातलं कितीतरी गहू खातच नाही.
ते पाण्याबरोबर चारीत, चारीतून कालव्यात,
कालव्यातून थेट सरोवरात.
"म्हणजे तुझ्या कोळंबीला मी जेवू घालतो," तो म्हणाला,
"आणि तिचीच टरफलं तू मला परत आणून देतेस."

बारा वाफे आखले. दोऱ्या, खुंट्या, पत्र्यावर रंगवलेले आकडे.
काहींना पोत्यातलं.
काहींना बाटलीतलं, सकाळी, दव सुकत आलं की,
पानांची बारीक तोंडं उघडी असताना.
सातव्याला नुसतं पाणी.
"का? त्यानं काय केलंय?"
तुलनेसाठी, मी म्हटलं. कुणी उपाशी राहिल्याशिवाय
जेवलेल्याचं पोट किती भरलं ते कळत नाही.
बोलताना सोपं वाटलं.

तूबा सरला. अमशीरचा वारा धूळ घेऊन आला.
सातवा पिवळा पडत गेला, आधी खालची पानं,
टोकाकडून मागे, वहीत लिहिलं होतं अगदी तसा.
मी खूश होते, हे आता लिहायला हरकत नाही.

मग एका मंगळवारी वाटलं, यंत्र बिघडलं.
पानाला चिमटा लावला: आकडा वर.
पुसून पुन्हा लावला. वर.
सातवा हिरवा होत होता,
घराकडच्या कडेनं जास्त गडद.
गुडघ्यांवर बसून पाहिलं. ढेकळाच्या फटीत
एक दाणा, साबुदाण्याएवढा,
विरघळायचा राहून गेलेला.

चहा घेऊन तो आला. मी विचारलं नाही.
ग्लासात बघत तोच बोलला:
"रात्री. एकच मूठ.
सगळे जेवतात, तो बघत राहतो.
माझ्या दारासमोर आहे तो, बाई."
आणि मी निघताना, कालव्याच्या पुलावर
ऐन-हयात धावत मागे आली, पदर दाताखाली धरून:
"त्याला सांगू नकोस हं.
आदल्या रात्री मीसुद्धा."

वहीत रकाना असतो: वाफा रद्द, कारण.
रकाना बोटभर.
उंदीर मावतो त्यात, कीड मावते, फुटलेला बांध मावतो.
मी लिहिलं: बाहेरचं नत्र, स्रोत अज्ञात.
खोटं होतं. स्रोतानं चहात साखर जास्त घातली होती,
मला आवडते तशी.

यंदा उपाशी वाफा मी लांब नेला, तुतीच्या झाडापलीकडे.
आकडाही बदलला.
पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "ह्या वेळी कोण?"
लपवता आलं असतं. बोट दाखवलं.
काही न बोलता त्यानं ओट्यावरचं बाकडं उचललं,
फिरवून ठेवलं, भिंतीकडे तोंड करून,
आणि बसला.

मी खुंट्या ठोकत राहिले.
मधेच एकदा वळून पाहिलं:
अजून तसाच,
पाठ ताठ, मुठी मांडीवर, मिटलेल्या.