वाहून आलेलं लाकूड

आमच्या किनाऱ्यावर झाड उगवत नाही.
झाड येतं.
ज्या उत्तरेच्या वाऱ्याला आम्ही आठ महिने शिव्या घालतो
तोच आणून टाकतो:
सालीवाचून, मिठाने पांढरं पडलेलं,
सैबेरियातल्या कुठल्याशा नदीत हातचं सुटलेलं,
बर्फात अडकून वर्षानुवर्षं फिरलेलं.
ज्याच्या वाळूला लागेल त्याचं, असा जुना रिवाज आहे.
त्यावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलंही मी पाहिलंय.

हा ओंडका माझ्या वाट्याला आला त्याच आठवड्यात
रेक्याविकहून ह्रेफ्नाचा फोन आला, मुलगी झाली.
मी तो भरतीच्या रेषेवर ओढला,
खाली तीन दगड दिले
आणि विसरल्यासारखं केलं.
खारं लाकूड घाई केली की फाटतं.

माझ्या बापाने लाकडाच्या दोनच वस्तू केल्या जन्मभर,
होडी आणि शवपेटी.
मी त्याच्याच हाताखालचा.
बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, एवढीच माझी विद्या.
खुर्चीत तर माणूस उघड्यावर बसतं,
पाय हलवतं, दूध सांडतं,
मध्येच उठून जातं.
त्याचं गणित वेगळं.

“बाबा, इथे दुकानात मिळतात,” ह्रेफ्ना म्हणाली,
“चपट्या खोक्यात येतात. अर्ध्या तासात उभ्या राहतात.”
राहत असतील.
मी म्हटलं, तू फक्त उंची कळवत जा.

दर तीन महिन्यांनी आकडा यायचा
आणि मी कामाच्या खोपटाच्या चौकटीवर
पटाशीने एक बारीक खूण करायचो.
ज्या दारातून ती कधी आत आली नव्हती
त्या दाराला ठाऊक होतं ती कशी वाढतेय.
ओलोफ असती तर म्हणाली असती,
म्हाताऱ्या, मेंढ्यांना चारा घातलास का आधी?

चौथ्या वर्षी करवत लावली. आतून लालसर निघालं,
वास अजून शाबूत.
मग खिळा लागला. बोटाएवढा, काळा,
कुणी ठोकला, कशाला, देव जाणे.
करवतीचे दोन दात गेले.
खिळा कॉफीच्या डब्यात ठेवलाय.
समुद्रकिड्यांनी पाडलेली भोकं मात्र बुजवली नाहीत.
मुलांना बोट घालायला काहीतरी लागतंच.

मागच्या हिवाळ्यात आकडा आला नाही.
ह्रेफ्नाचं घर मोडत होतं.
अशा वेळी सेंटिमीटर विचारू नयेत.
मी जुन्या खुणेवरच पाय कापले,
कुसू तासले, खोबणी केल्या, एकही खिळा न मारता सांधलं,
जवसाचं तेल तीन हात चोळलं.

जूनमध्ये दोघी आल्या.
स्टेनवोर चौकटीला पाठ लावून उभी राहिली, ताठ,
आणि सगळ्यात वरच्या खुणेच्याही
चार बोटं वर निघाली.

लाकूड कापता येतं, कापलेलं वाढवता येत नाही.
बाप हे कान पिळून सांगायचा.

ती तरीही बसली.
गुडघे पार छातीशी आले, पण उठेना.
एका भोकात बोट घालून म्हणाली,
“आजोबा, इथे कोण राहतं?”
“राहायचं कुणीतरी. आता नाही राहत.”
ह्रेफ्ना खिडकीतून बाहेर बघू लागली.

रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री,
कारण जूनमध्ये इथे अंधार पडत नाही,
मी पोरीला बैठकीची कड दाखवली.
प्रत्येक रेष म्हणजे झाडाचं एक वर्ष.
बारीक रेष म्हणजे वाईट वर्ष.
“हे वाईट?” “हे वाईट.”
“पण त्याच्या पुढेपण आहेत.”
“आहेत ना.”

ती नखाने मोजू लागली.
मधे दोनदा चुकली, दोनदा पहिल्यापासून सुरू केलं,
एक्केचाळीसला तिची मान कलली.

तिचं बोट हळूच उचललं
आणि त्या रेषेवर माझं ठेवलं.
सकाळी उठली की विचारेल
कुठवर आलो होतो.