एकोणसाठ, एकसष्ट, साठ

हापसालू, जानेवारी. खाडी गोठलेली.
पाणीपुरवठा कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर
रात्रपाळीला एकटी एरिका,
शेजारी राईच्या पावावर वाळत गेलेलं चीज.

पडद्यावर ओळी सरकतात, कुणाचं काय, कुणाचं काय.
पंप आपली खुशाली कळवतात,
प्रिंटर उगीचच कण्हतो,
आणि त्यातच एक बारीकशी ओळ:
बिलिंगचा संगणक, बाहेरचा अनोळखी पत्ता,
तीनशे बारा बाइट.
मिनिटाने पुन्हा. तीनशे बारा.

या गावात घरांच्या भिंतींवर पाली नसतात,
तरी तिच्या मनात चुकचुकली.

ती मधली अंतरं मोजत बसली.
एकोणसाठ सेकंद. एकसष्ट. साठ. अठ्ठावन्न.
कुणीतरी त्याला अडखळायला शिकवलं होतं,
माणसासारखा वाटावा म्हणून.
पण माणूस असा मापात अडखळत नाही.
माणूस कॉफीला उठतो, फोनवर रमतो,
पासवर्ड विसरतो, मग कीबोर्डलाच शिव्या देतो,
आणि पहाटे तीनला घरी झोपलेला असतो.
हा मात्र दर मिनिटाला
दार वाजवत होता, आतून,
बाहेरच्या कुणाला तरी विचारत होता:
काही काम आहे का?

उत्तर नाही.
उत्तर नाही.
तीन वाजून सात मिनिटांनी उत्तर आलं.

बिलिंगच्या अंधाऱ्या खोलीत पडदा उजळला.
माउसचा बाण चालू लागला,
टेबलावरचा माउस जागचा हलला नाही.
काचेच्या दारापाशी उभ्या एरिकाचे
वायर उपटायला हात शिवशिवले.
मेमरीची नक्कल उतरेपर्यंत
तिने ते खिशात कोंबून ठेवले.
घर जागं आहे
हे चोराला इतक्यात कळायला नको.

मग उपटली.

सकाळी हेल्वे आली, बुटांवरचा बर्फ झाडत.
पंपाच्या सुट्या भागांचं ते बिल
नोव्हेंबरात तिनेच उघडलं होतं.
तिला सगळं सांगितलं, हळूहळू, खुर्ची देऊन.
पाण्याचं, पैशांचं तिने काहीच विचारलं नाही.
पडद्यावरच्या त्या मुंगीएवढ्या भिंगाकडे बघत म्हणाली,
"दुपारी डबा खाताना मी गाते.
दार लावून.
तेही?"

एरिकाकडे नोंदी होत्या, सेकंदासेकंदाच्या.
किती गेलं, कधी गेलं, कुठे गेलं.
गेलं त्यात एखादं गाणं होतं का,
ते आकड्यांवरून कळत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.
म्हणण्याआधी जराशी अडखळली.
किती, ते तिने मोजलं नाही.