बहुधा

बॅजरला मराठीत शब्द नाही.
फोनवर आईला सांगितलं, अस्वलाचा धाकटा मावसभाऊ समज,
पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे,
जणू कुणी काजळाची बोटं ओढून निघून गेलं.
रात्रीचा बाहेर पडतो, गांडुळं खातो,
आणि इथले लोक म्हणतात, गाईंना क्षय देतो.
"मग त्याचं काय करतात?"
तेच ठरायचंय, म्हटलं.

माझ्या टेबलावर एकशे बारा नळ्या,
शहाऐंशी गाईंच्या, सव्वीस बॅजरांच्या,
स्ट्राउडच्या वरच्या एकाच टेकडीवरच्या.
जंतू मेलेला, अक्षरं जिवंत:
त्रेचाळीस लाख, आणि बाराखडी फक्त चार अक्षरांची.
दोन-तीन वर्षांत कुठंतरी एखादं चुकतं.
त्या चुकीवर माझं पोट.

आमच्या बेडगला सुगीनंतर हेळवी यायचा.
बैल पिंपळाला बांधून चोपडी सोडायचा:
मूळ पुरुष कुठून आला, सून कुणाकडची आणली,
थोरली पाती कुठली, धाकटी कुठली.
पायलीभर ज्वारी घेऊन पुढच्या गावाला.
मी तेच करते.
घराणं तेवढं जंतूचं,
आणि ज्वारी सरकार देतं.

वंशावळ उलगडली तेव्हा
खोड टेकडीवरचं नव्हतंच.
ते आलं एका कालवडीबरोबर,
कानात पिवळा बिल्ला, शेवटचे आकडे सातशे चार,
हेरफर्डच्या बाजारातून, सहा वर्षांपूर्वीच्या मार्चात.
तिची चाचणी झाली होती, निर्दोष आली होती.
चाचणीच्या नजरेतून काही गाई सुटतात.
तिच्यापासून गोठा, गोठ्यापासून बॅजर,
एकेका अक्षराच्या अंतरानं.
आणि मग, दोन ठिकाणी, बॅजरपासून पुन्हा गोठा.
बहुधा.

समिती लंडनला, काचेच्या खोलीत.
अध्यक्षबाई सभ्य, थकलेल्या.
"डॉक्टर मगदूम, मंत्र्यांना एक वाक्य लागतं.
पिंजरे, की लस, की बाजारात आणखी एक कडक चाचणी?"
चाचणी आधी, मी म्हटलं.
बॅजरांचाही हात आहे, बहुधा, पण धाकट्या पातीचा.

मसुदा परत आला तेव्हा
बहुधा गेला होता.
पंचांगात एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधे बुडते,
क्षयतिथी म्हणतात तिला, तसा.
कुणी मारला नाही. मोजला नाही, एवढंच.
मी तो पेनानं परत लिहिला.
दोनदा.

निकाल सांगायला मीच गेले.
डेस्मंड क्लटरबक, वय एकाहत्तर, फाटकाला टेकून.
तीन वर्षांत एकोणतीस गाई ट्रकात चढवलेल्या,
शेवटच्या चार गाभण.
त्याचं बोट टेकडीकडे वळायला तयारच होतं.
मी कागदावरचं झाड दाखवलं.
त्यानं चष्मा पुसला. सातशे चारवर अंगठा ठेवला,
बराच वेळ काढला नाही.

"हिला मीच आणली," म्हणाला.
"पाऊस होता. दुसरी स्वस्त पडत होती.
ही माझ्या मागंमागं चालायला लागली, म्हणून घेतली."

मी म्हटलं, यात तुमचा दोष नाही,
चाचणी कच्ची होती, आता नियम बदलतोय.
सगळं खरं होतं.
इंग्रजीत ते फार इस्त्री केलेलं वाटलं.
तो मान हलवत राहिला
आणि कागदाची घडी घालून टोपीत ठेवली.

उतरताना अंधार पडला.
कुंपणाखालून एकजण निघाला,
गाडीच्या दिव्यात थबकला,
तीच काजळाची बोटं.
मी दिवे बंद केले.
तो गवतातून सरळ गेला,
गाईंच्या पाण्याच्या कुंडाशी,
पुढचे पाय काठावर टेकवून प्यायला.
एका गाईनं मान वळवून पाहिलं, पुन्हा खाली घातली.

कुंड गुडघ्याएवढंच आहे.
वीतभर तरी उंच करायला हवं.
उद्या सकाळी क्लटरबकला फोन करायचा,
समितीची वाट न बघता.