पिवळा

सात गुरुवार मला फक्त छत दिसलं.
लाकडी फळ्या, एक उघडा बल्ब,
ओल धरलेल्या कोपऱ्यात बोकडाच्या तोंडासारखा डाग.
फोन उताणा ठेवून एलिसेओ बोलायचा,
म्हणजे फारसं बोलायचा नाहीच.
"आहेस ना?"
"आहे."
वय सोळा. बोटांचे सांधे दहा वाजेपर्यंत उघडत नाहीत,
हे फाइलमध्ये.
शरीरानं स्वतःवरच उगारलेला हात,
हेही फाइलमध्ये, जरा जड शब्दांत.

मी वाल्दिव्हियात, तिसऱ्या मजल्यावर, हीटरपाशी.
तो चिलोएच्या दक्षिण टोकाला,
जिथे वारा उठला की फेरी बंद
आणि त्याचं वाक्य अर्ध्यातच गोठतं.
उरलेल्या अर्ध्याची मी आठवडाभर वाट बघते.

आठव्या गुरुवारी मीही फोन उताणा ठेवला.
त्याच्याकडे माझं छत, माझ्याकडे त्याचं.
बराच वेळ गेला.
"एवढ्या थंडीत पंखा कशाला तुम्हाला?"
"आधीच्या भाडेकरूचा. फिरत नाही."
तो हसला.

मग पिवळ्याचं निघालं.
शनिवारची सुई. औषध पिवळं,
सरबतासारखं निरागस.
सुई दुखत नाही, म्हणाला, तिच्या आधीचा शुक्रवार दुखतो.
आता कुठलंही पिवळं दिसलं की पोटात ढवळतं.
अंड्याचा बलक. टेकडीवरची काटेरी फुलं.
"आणि बाबा."
बाबा शिंपल्यांच्या दोरांवर कामाला. रेनकोट पिवळा.
एका शनिवारी ते दारात उभे राहिले
आणि हा त्यांच्या बुटांवर ओकला.
त्यांना वाटलं, अंगाला समुद्राचा वास येतो.
तेव्हापासून दोनदा अंघोळ करतात,
दुसऱ्यांदा गार पाण्यानं.

शिकलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.
मी एवढंच विचारलं,
"त्यांना माहीत आहे, की तो रंग आहे?"
बल्ब हलला. उत्तर आलं नाही.

अकराव्या गुरुवारी फोन उचलला गेला.
छत कललं, भिंत, पडदा,
क्षणभर त्याची बोटं, आल्याच्या गड्ड्यासारखी.
मी पाहिली. त्यानं पाहू दिली.
मग खिडकी.
अंगणापलीकडे, कुंपणाला अडकवलेला रेनकोट.
तिथून दारापर्यंत एक माणूस
नुसत्या शर्टात भिजत येत होता,
जराही घाई न करता.

"त्या अंतरावरून," एलिसेओ म्हणाला, "चालतो मला."

चेहरा मी अजून पाहिलेला नाही.
विचारणार होते काहीतरी,
तेवढ्यात वारा उठला,
आणि स्क्रीनवर एक पिवळी बाही
वर गेलेली, तशीच थांबली.