लाईट गेली की

उमरग्याच्या पुढं, जिथं म्हशी कन्नड हाकेला वळतात
आणि माणसं मराठीत भांडतात,
तिथं लाडलेसाबची गिरणी.
पत्र्याला पीठ, कोळिष्टकांना पीठ,
लाडलेसाबच्या भुवयांना तर बारमाही.

गिरणी चालू असली की कुणाचं कुणाला ऐकू येत नसे.
पट्टा फटफटायचा, ज्वारी उतरायची,
आम्ही पोरं आपापल्या डब्याला पाय लावून उभी,
नंबर जाऊ नये म्हणून.

मग लाईट जायची.

चाक मंद होत होत थांबायचं.
लाडलेसाब खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसायचा,
"हां. तर कुठं होतो आपण?"
"बारवेत!"
"कितव्या पायरीला?"
"सातव्या!"

कुंभाराची धाकटी, हातात पणती,
एकटीच बारवेच्या पोटात उतरलेली.
पाण्याच्या काठाला दार,
दाराला माणसाच्या तोंडाचं कुलूप.
कुलूप उमाणा घालायचं:
वर धोंडा, खाली धोंडा,
मधून पाऊस कोरडा.

उत्तर आमच्या पुढ्यातच होतं, पट्ट्याला बांधलेलं,
तरी जगदेवीला सुचायला दोन दिवस लागले.
दार करकरलं.
आत बसलं होतं

ढुग ढुग ढुग ढुग.
लाईट आली.

पुढच्या खेपेला लाडलेसाब पाचव्या पायरीपासून धरायचा,
विसरायचा म्हणून, की मुद्दाम, कोण जाणे.
आईला कळेना,
पायलीभर एकदम नेणारी पोरगी
आता शेर-शेर का नेते दळायला.
मल्लूनं तर एकदा डीपीला दगड मारला.
नुसता कावळा उडाला.

शाळेत पुस्तकांची एक पेटी होती. कुलूपबंद.
फाटलं तर भरून कोण देणार, गुरुजी म्हणायचे.
मला वाटलं, दाराआड जे बसलंय
ते या पेटीत असणार.
महिनाभर मागे लागले. किल्ली सापडली
तर कुलूप गंजलेलं.
शेवटी लाडलेसाब आला,
पट्ट्याच्या बेअरिंगला घालायचं तेल घेऊन.
चार थेंब.

अडतीस पुस्तकं, उंदराच्या लेंड्या, एक मेलेली पाल.
सगळी वाचली.
कुंभाराची धाकटी कुठंच नव्हती.
दुसरेच पुष्कळ जण भेटले,
आणि मी तिला शोधतेय हे मधेमधे विसरले.

लाडलेसाबला अक्षर येत नव्हतं.
पायल्यांचा हिशोब भिंतीवर, कोळशाच्या रेघांनी.
मी त्याला वाचून दाखवायची, लाईट गेली की.
तो डोळे मिटून ऐकायचा
आणि ऐन घाटात
पिठाचा पंजा पानावर ठेवायचा.
"बस. बाकीचं पुढल्या टायमाला."
ती पुस्तकं अजून झटकली की पीठ पडतं.

दहावी झाल्यावर विचारलंच,
"मामू, आत काय बसलं होतं?"
"मला काय म्हाईत?
अब्बा सांगलालते मला,
तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली."

आता लाईट फारशी जात नाही.
माझ्या वर्गात भिंतीवर टीव्ही आहे,
त्यातली बाई गोष्ट सांगते, शुद्ध,
आणि दर वेळी पूर्ण करते.
शनिवारी मी मेन स्विच खाली ओढते.
"लाईट गेली!" पोरं ओरडतात
आणि सतरंजीवर सरकत पुढं येतात.
पणती, पायऱ्या, कुलूप.
दार करकरतं.
मी स्विच वर करते.

आफ्रिन चिडते, माझ्याशी बोलत नाही डबा खाईपर्यंत.
सुमेध काही न बोलता पेटीकडे जातो,
तिला कुलूप नाही,
आणि तिथंच भिंतीला टेकून बसतो.

परवा शिवकांतानं वही दिली.
तिनं दार उघडलं होतं.
आत एक शेळी बसली होती, ती म्हणाली,
दार लाव की बये, वारं येतंय.
पुढं पान कोरं.

मी खाली लाल पेनानं लिहिलं,
मग?